किनाऱ्याकडे पाठ करून: आश्विन-कार्तिकातला गोवा, पाण्याच्या हिशेबाने

चवथीचा गणपती पोचवला, माटोळी उतरवली की गोव्यात दोन-अडीच महिने असे येतात, जे खरं तर आपले, इथल्या माणसांचे असतात. शॅकवाले अजून बांबू रोवत असतात, हॉटेलांचे दर डिसेंबरच्या वाटेला लागलेले नसतात आणि फोंड्याच्या पलीकडे गेलं की रस्त्यावर आपली गाडी आणि कापलेलं भात वाळत घातलेला शेतकरी एवढेच. तरीही आपल्यातले बहुतेक जण रविवार आला की मिरामारला नाहीतर कोलव्याला जाऊन भेळ खाऊन परत येतात. या लेखात किनारा जवळजवळ नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, फोंडा आणि मांडवीतली बेटं, एवढाच आपला मुलूख.

कुठली जागा कधी बघायची हे किलोमीटरवरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. शरदात गोव्याचं पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं. आधी डोंगरातले व्हाळ, म्हणजे ओढे, आणि धबधबे शांत होतात, मग नद्या निवळतात, मग नदीकाठचे खडक उघडे पडतात आणि शेवटी खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, आणि चिखलात पाहुणे पक्षी उतरतात. हाच क्रम भटकंतीलाही लावला तर एकही फेरी फुकट जात नाही. उलटा लावलात तर ऑक्टोबरच्या आरंभी चोडणला जाऊन चार बगळे बघाल आणि नोव्हेंबरअखेर हरवळ्याला जाऊन बारीक धार.

## आधी पंचांग उघडा

मान्सून गोव्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यास मागे फिरतो. तोवर सकाळ स्वच्छ, दुपारी अंग चिकट करणारा उकाडा आणि चारच्या सुमाराला पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने चढून येणारं काळं आभाळ, असा रोजचा कार्यक्रम. हा पाऊस तासभरच पडतो, पण विजा घेऊन येतो.

म्हणून पहिला टप्पा घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत: सकाळी धबधबे आणि डिचोली-साखळीचा परिसर, रात्री फोंड्यातल्या देवळांतलं मखर. दुसरा टप्पा कोजागिरी ते दिवाळी: नद्या उतरलेल्या असतात, तेव्हा कुशावतीचा काठ आणि तांबडी सुर्ला. तिसरा दिवाळीनंतर त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत आणि पुढेही: दिवाड, चोडण, करमळीचं तळं. चवथ लवकर किंवा उशिरा आली तर हे पंधरा दिवस पुढेमागे होतं. अधिक महिन्याच्या वर्षी तिथीपेक्षा नदीकडे बघा: पाणी तांबडं असेल तर थांबा, हिरवट-नितळ झालं असेल तर निघा.

## निघण्याआधी

सकाळी साडेसहाला गाडी घराबाहेर पडलीच पाहिजे. आश्विनात साडेदहानंतरचं ऊन मे महिन्यापेक्षा जास्त थकवतं, कारण हवेत ओल असते. दुसरं म्हणजे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरात त्याहून लवकर, आणि जंगलाच्या रस्त्यांवर दिवे नसतात. जंगलात गेलात तर दुपारी तीनच्या आत परतीला लागायचं, असं धरून चाला.

स्वतःची गाडी असेल तर फोंडा हा सोयीचा मुक्काम. तिथून मोले, साखळी, सांगे, जुने गोवे, कुठेही तासाभरात, फार तर सव्वा तासात पोचता येतं. बसने जाणार असाल तर रविवार टाळा. रविवारी खाजगी बसगाड्या कमी धावतात आणि आतल्या गावांत दुपारी एकनंतर तासन्‌तास काही मिळत नाही. साखळी, डिचोली आणि करमळी ही ठिकाणं बसने किंवा रेल्वेने नीट जमतात. उसगाळीमळची कातळचित्रं आणि तांबडी सुर्लाचं देऊळ यांना स्वतःचं वाहन लागतंच.

सामान थोडंच, पण विचार करून घ्या. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन. पकड असलेले बूट, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं आणि रबरी सपाता त्यावर घसरतात. देवळात जायचं असेल तर गुडघ्याखाली जाणारे कपडे. फोंड्याच्या बहुतेक देवस्थानांत बर्म्युडा घालून गेलात तर दारातूनच परत यावं लागेल. रोख पैसे. मोल्यापुढे आणि नेत्रावळीकडे फोनची रेंज मनमानी असते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल साखळीत, फोंड्यात किंवा केप्यातच भरून घ्या.

जंगलात शिरणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायमोज्यांत खोचलेली पँट. हे जळवांसाठी आहेच, पण त्याहून जास्त गोचिडांसाठी. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, पण सवय आतापासूनच बरी. घरी आल्यावर कपडे थेट धुवायला टाकायचे, गरम पाण्याने आंघोळ करायची आणि मुलांच्या काखा, कानामागची जागा बघायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला कळवा. जळू लागलीच तर ओढू नका. मिठाची किंवा ओल्या तंबाखूची चिमूट लावली की आपोआप सुटते.

## पहिली फेरी: दोन फेरीबोटी आणि हरवळे

पहिल्याच खेपेला हीच करा. लहान मुलं, आजी-आजोबा सगळ्यांना झेपते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिच्याइतकं हिरवं दुसरं काही नाही.

सकाळी सातच्या आसपास जुने गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडची फेरी धरा. चारचाकीला रांग लागू शकते, दुचाकी कशीही आत शिरते. पलीकडे उतरलात की दोन्ही बाजूंना खाजनशेती. हे शेत समुद्राच्या पातळीच्या आसपासचं. मातीचे बांध आणि मानशी, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारी लाकडी दारं, यांच्या जोरावर शेकडो वर्षं टिकलेलं. एखाद्या मानशीपाशी पाच मिनिटं थांबून बघा. ओहोटीला दार उघडलं की पाण्याबरोबर मासे बाहेर येतात आणि बगळे, ढोकरी, खंड्या हे सगळे ती वेळ ओळखून आधीच येऊन बसलेले असतात.

तिथून टेकडीवर पिएदादचं चर्च. वरून मांडवीचे फाटे, चोडण, जुने गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. चर्चजवळच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे, ते चुकवू नका. त्याच्या छताचा कोरीव दगड कदंबकाळातला, इथल्या जुन्या देवळाचा आहे. दिवाड हे सप्तकोटेश्वराचं मूळ ठिकाण. हा कदंब राजांचा कुळदेव. आपल्या नाण्यांवरही ते त्याचं नाव कोरत. पोर्तुगीज काळात देऊळ गेलं आणि देव नदी ओलांडून पलीकडच्या नार्व्यात आला.

आता तुम्हीही तेच करायचं. बेटाच्या उत्तर टोकाला नार्व्याची फेरी लागते. देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जाण्यात जी मजा आहे, ती डिचोलीकडून गाडीने थेट देवळापाशी उतरण्यात नाही. नार्व्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केली आणि तिचा शिलालेख देवळावर आहे. अलीकडे राज्य सरकारने त्याची पुन्हा डागडुजी केली, 2023 मध्ये देऊळ नव्याने खुलं झालं. फोंड्याकडच्या देवळांसारखा थाट इथे शोधू नका. बुटकं, घुमटाचं, दाट झाडीत दडलेलं देऊळ, समोर दीपस्तंभ आणि बाजूला तळी. सकाळी नऊच्या आत पोचलात तर भटजी आणि तुम्ही, एवढेच.

पुढे मये. तळं सुंदर आहे, पॅडलबोटी आहेत, बंजी जंपही आहे. मुलं हट्ट धरतील. अर्धा तास द्या आणि उठा.

डिचोलीत न्याहारी. सकाळचा पातळभाजी-पाव, मिरचीभजी आणि चहा; बाजारातल्या ज्या खानावळीत रिक्षावाले आणि बँकेतले शिपाई एकाच बाकावर बसलेले दिसतील तिथे शिरा. साडेदहानंतर पातळभाजी संपते, म्हणून वेळ पाळा.

मग साखळीच्या अलीकडे हरवळे. इथे तीन गोष्टी लागून आहेत: लेणी, धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ. लोक धावत धबधब्याकडे जातात. तुम्ही आधी लेण्यांकडे वळा. जांभ्यात कोरलेल्या पाच खोल्या, आत शिवलिंगं. गावकरी त्यांना पांडवांची लेणी म्हणतात, अभ्यासक साधारण सहाव्या-सातव्या शतकाकडे बोट दाखवतात. अजिंठा डोक्यात ठेवून आलात तर हिरमुसाल, कारण जांभा भोकाभोकांचा दगड, त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. इथे बघायचं ते कारागिराने त्या खडबडीत दगडातून सरळ खांब आणि काटकोनी खोली कशी काढली ते. पावसानंतर छतातून थेंब गळत असतात, पायाखाली बघून चाला.

धबधबा पायऱ्यांवरून बघा. खालच्या कुंडात उतरू नका, मग कुणी कितीही पोहत असलं तरी. पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही, आणि वरच्या डोंगरात पडलेला पाऊस इथे ऊन असतानाही खाली येतो. कुठल्याही व्हाळात एक खूण लक्षात ठेवा: नितळ पाणी अचानक तांबूस झालं किंवा त्यातून सुकी पानं-काटक्या वाहायला लागल्या, की वस्तू गोळा करत न बसता लगेच वर या. रुद्रेश्वरापाशी लोक मृतांचे विधी करायला येतात, तेव्हा तिथे सेल्फीची हौस आवरती घ्या.

दुपारी दोनच्या आत हे सगळं होतं. परतताना साखळी-माशेल-फोंडा या रस्त्याने या.

## दुसरी फेरी: कुशावतीच्या काठाने

माझ्या मते गोव्यात बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट या वाटेवर आहे, आणि ती न पाहिलेले गोंयकार मला रोज भेटतात. कोजागिरीनंतरच जा.

मडगावहून केपेमार्गे जांबावली. दामोदराच्या देवळामागे कुशावतीचा घाट आहे. देव मूळचा मडगावचा, पोर्तुगीज काळात इथे आला. आजही मडगावकरांचं पाऊल पहिलं इकडेच वळतं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून नदीचा रंग बघा. तळाचे दगड दिसत असतील तर पुढची जागा बघायला मिळणार. पाणी अजून मातकट असेल, तर देवदर्शन घेऊन रिवणची छोटी लेणी बघा आणि पंधरा दिवसांनी परत या.

रिवण ओलांडून पुढे गेलं की पुरातत्त्व खात्याची उसगाळीमळची पाटी लागते. तिथून आत वळणारा रस्ता खाणींच्या भागातून जातो, शेवटचा तुकडा कच्चा. ऑक्टोबरात छोटी गाडी खड्ड्यांत टेकते, तेव्हा मोकळी जागा बघून गाडी ठेवा आणि उरलेली वाट चालत जा.

नदीच्या काठाला जांभ्याचा एक सपाट पसारा आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. काळपट, शेवाळ वाळलेला खडक, एवढंच. थोडं थांबा, डोळे सवयीचे होऊ द्या. मग एक वशिंडाचा बैल दिसतो, रेघ बोटभर रुंद. त्याच्या बाजूला हरीण. पुढे मोर, नाचणारी स्त्री, आणि मग तो मोठा चक्रव्यूह: एकात एक वर्तुळं, बाहेरून शिरून आत गुंडाळत गेलेली वाट. मुलांना सांगा, नजरेने ती वाट बाहेरून मध्यापर्यंत चालून दाखवा. हमखास चुकतात, हमखास भांडतात, आणि अर्धा तास फोन मागत नाहीत. अशी शंभराहून जास्त चित्रं इथे आहेत. 1993 मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली, तोवर ती नदीच्या गाळाखाली आणि गावकऱ्यांच्या माहितीत होती. ती मध्याश्मयुगाची की नवाश्मयुगाची यावर वाद आहेत, पण आपल्या सगळ्या देवळांपेक्षा, किल्ल्यांपेक्षा ती जुनी आहेत, यावर नाही.

आता व्यवहाराचं. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. ऊन तिरपं असलं तर खोबणीत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. माथ्यावरच्या उन्हात तोच बैल समोर असून दिसत नाही. फोटोही खाली बसून, उन्हाच्या आडवे राहून काढा. बूट काढून अनवाणी फिरा, आणि तेही रेघांवर पाय न देता. काही जण चित्र स्पष्ट दिसावं म्हणून खडू फिरवतात किंवा बाटलीतलं पाणी ओततात. ते करू नका आणि शेजारचा करत असेल तर त्याला सांगा. जांभा मऊ असतो. दरवर्षी नदी त्याला घासते तेवढं पुरे. आणि चित्रांवर गाळाचा थर दिसला तर तो खरवडायला जाऊ नका, ते खात्याचं काम.

इथून अर्ध्या-पाऊण तासावर नेत्रावळी. गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी बघा: तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असं गावात सांगतात. मुलं हात लाल होईपर्यंत खात्री करून घेतात. सावरी आणि मैनापी हे धबधबे अभयारण्यात आहेत. पावसाळ्यात अपघात झाले की वन खातं तिथली वाट बंद करतं, म्हणून चालायला सुरुवात करण्याआधी नाक्यावर विचारा, फी भरा, पावती खिशात ठेवा. सावरीची वाट सोपी, मैनापीला दम लागतो. दोन्ही एका दिवशी करायचा हट्ट नको, विशेषतः उसगाळीमळ नीट बघितलं असेल तर.

जेवण या भागात आयतं मिळेल असं धरू नका. केप्यात किंवा सांग्यात जेवा, नाहीतर घरून पोळ्या-भाजी, उकडलेली अंडी न्या.

## तांबडी सुर्ला, आणि दूधसागराविषयी थोडक्यात

मोल्याहून डावीकडे आत वळलं की रस्ता जंगलात जातो आणि महादेवाच्या देवळापाशी संपतो. बारावं-तेरावं शतक, कदंब-यादव शैली, गोव्यात उभं राहिलेलं सगळ्यात जुनं देऊळ. ते वाचलं कारण ते इतकं आत होतं. लोक नंदीबरोबर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परततात. तसं नको. हातात अर्धा तास असेल तर चार गोष्टी शोधा.

एक, दगड. हा काळा बेसाल्ट आहे, आजूबाजूचा जांभा नव्हे. तो घाटावरून खाली आणला असं मानतात. दोन, चिऱ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवा. चुना नाही, गारा नाही, दगडावर दगड बसवलेला. तीन, मंडपाच्या मधल्या चार खांबांपैकी एकाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. चार, मान वर करून छतातलं कमळ. नंदीचं डोकं तुटलेलं आहे, तेही दिसेल. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी साडेसात-आठला पोचणं सगळ्यात चांगलं: ऊन थेट आत येतं आणि बाहेर शाळेच्या सहलीची बस आलेली नसते.

मागून सुर्ल नदी वाहते. पाय बुडवण्यापुरतं ठीक. माकडं हातातली पिशवी ओढतात. केळी, चिप्स गाडीतच ठेवा. इथून वर जंगलात एक धबधबा आहे, पण ती अभयारण्याची वाट आहे. परवानगी आणि वाट माहीत असलेला गावचा माणूस दोन्ही असेल तरच.

दूधसागर: कुळ्याहून जीप, जी पावसाळ्यात बंद असते आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होते. सुरू झाल्याची बातमी आली की पहिले दोन-तीन शनिवार-रविवार तिकडे फिरकू नका. अर्धा दिवस रांगेत जातो. बुधवार-गुरुवार बघा, सकाळची पहिली जीप पकडा. सुमारे 310 मीटरचा हा धबधबा डिसेंबरातही भरपूर असतो, तेव्हा घाईचं कारणच नाही. रेल्वेरुळांवरून चालत जाणं बंदी असलेलं आणि जिवावरचं आहे. दरवर्षी पोरं पकडली जातात, तरी दरवर्षी कुणीतरी सांगतं की आमच्या ओळखीचा गार्ड आहे.

## तिसरी फेरी: चोडण, आणि भरतीचं गणित

रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलात की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. खारफुटीतून जाणारी फरसबंद पायवाट आहे, 1.78 चौरस किलोमीटरचा परिसर, आणि सगळा खेळ पाण्याच्या पातळीचा.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी चरायला उतरतात. भरतीला ते झाडांत जातात, पण होडी आतल्या खाड्यांत शिरू शकते. म्हणून पक्षी चालत बघायचे असतील तर सुकती, होडीने फिरायचं असेल तर भरती. यासाठी ॲप लागत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. नदीत आत यायला पाण्याला थोडा वेळ लागतो, तेव्हा अर्धा तास इकडेतिकडे धरा.

यावरून सहल ठरवा. सकाळी आठ-नऊला सुकती हवी, तर भरती दुपारी दोन-तीनला यायला हवी, म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी. संध्याकाळी साडेचारची सुकती हवी तर चतुर्दशी. सकाळची होडी हवी तर दशमी ते द्वादशी. होडीवाल्याला आदल्या दिवशी वेळ सांगून ठेवा.

चिखलात आधी पक्ष्यांना शोधू नका, खाली बघा. चिखलावरून उड्या मारणारे छोटे मासे आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे दिसतील. ते नांगी हलवून एकमेकांना खुणा करत असतात. ते दिसले की त्यांना खाणारे आपोआप दिसतात. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या ही इथली ओळख आहे. दुर्बीण एक तरी न्या, चार जणांत चालते. डासांचं मलम लावून जा.

दुर्बिणीचा नाद लागला तर पुढच्या रविवारी करमळी. तळं रेल्वे स्थानकाला लागून आहे. थिवीहून किंवा मडगावहून गाडीने उतरून चालत जाता येतं. पाहुणी बदकं नोव्हेंबरच्या मध्यानंतर वाढतात.

## रात्रीचे कार्यक्रम

नवरात्रात फोंडा महालातल्या देवळांत मखरोत्सव असतो. मूर्ती बसवलेलं सजवलेलं मखर आरत्यांच्या आणि वाद्यांच्या तालावर झोक्यासारखं हलवतात. म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी ही सगळी एकमेकांच्या जवळ आहेत, पण एका रात्री सगळी मखरं बघण्याचा बेत करू नका. कीर्तन संपल्यावर मखर हलतं आणि प्रत्येक देवळाची वेळ थोडी वेगळी; धावाधाव केली की सगळीकडे शेवटची आरतीच मिळते. एक देऊळ निवडा, कीर्तनालाच जाऊन बसा, सभामंडपात मधोमध जागा धरा. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस गर्दी जास्त, पहिल्या तीन-चार रात्री निवांत.

कोजागिरीला पेडण्याची पुनव. भगवतीच्या देवळापुढे रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात, गर्दी रात्रभर हटत नाही. लहान मुलांना नेऊ नका. मोठ्यांनी गाडी बाजारापासून लांब ठेवावी, नाहीतर पहाटेपर्यंत ती निघणार नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही नरकासुर बघा, पण पायी. दहानंतर मुख्य रस्ते बंदच समजा. पहाटे विमान किंवा गाडी पकडायची असेल तर संध्याकाळीच निघा.

आणि त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळचं विठ्ठलापूर. वाळवंटीच्या काठी विठ्ठलाच्या देवळापाशी दिवे लावलेल्या सजवलेल्या होड्यांची स्पर्धा असते आणि मग त्रिपुरासुराचा वध. महिनाभर खपून पोरांनी केलेल्या त्या होड्या पाण्यात सोडण्याआधी काठावर मांडलेल्या असतात, तेव्हा जवळून बघा. एकदा त्या नदीत गेल्या की पुढच्या रांगेतल्यांनाच दिसतात. संध्याकाळी सहाच्या आत पोचा, गाडी साखळी बाजाराच्या बाजूला ठेवून चालत जा. नदीकाठी गारवा असतो, आजींसाठी शाल घ्या.

## दिवाळीचे पाहुणे

दिवाळीत मुंबई-पुण्याचे नातेवाईक येतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या बीच कुठला, हे विचारतात. त्यांना नरकचतुर्दशीच्या सकाळी दुधातले, ताकातले, गुळातले असे सगळे फोव, म्हणजे पोहे, खायला घाला, पोट भरलं की कुणी लांब जायचं नाव काढत नाही. दुसऱ्या दिवशी दिवाड-नार्वे-हरवळे ही फेरी करा. फेरीबोटीत मुलं खूश, देवळात मोठी माणसं खूश, आणि सगळे दोनपर्यंत घरी जेवायला. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनाच उसगाळीमळला न्या, बाकीच्यांना जांबावलीच्या घाटावर सावलीत बसवा. बीच त्यांना सोमवारी नाहीतर मंगळवारी दाखवा, सकाळी सातला. तोवर सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि पार्किंगही मिळतं.